मरिनावरचे चार कामगार: चेन्नईला गेलात तर गाडीतून उतरा

अडयारकाठ

चेन्नईला येणारी आपली माणसं मरिनाला जातात ती समुद्रासाठी. वाळूतून चालतात, लाटेत पाय भिजवतात, कागदाच्या पुडीतलं सुंडल खातात आणि परत फिरतात. रस्त्याकडेने ओळीने उभ्या असलेल्या पुतळ्यांवर गाडीतूनच नजर जाते. "हे कोण?" असं मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, ड्रायव्हर एक नाव सांगतो, आणि विषय तिथेच संपतो.

या ओळीच्या उत्तर टोकाला, अण्णा स्क्वेअरपाशी, मद्रास विद्यापीठाच्या समोर एक शिल्प आहे. त्याच्यासाठी मुद्दाम उतरा, हे सांगायला लिहितेय. चार उघडेबंब पुरुष, कमरेला फडकं, हातात लांब दांडे, आणि पुढ्यात एक प्रचंड खडक. तो हलवायला ते भिडलेत. बस, एवढंच. इंग्रजीत त्याला 'ट्रायम्फ ऑफ लेबर' म्हणतात, म्हणजे श्रमाचा विजय. रिक्षावाल्याला मात्र 'उळैप्पाळर सिलै' म्हणून सांगा, लगेच कळतं.

शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी. १९५९ साली, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी हे ब्राँझचं शिल्प इथे बसलं. तेव्हा कामराज मुख्यमंत्री होते. मरिनावरचं हे सर्वांत पहिलं शिल्प. आज या किनाऱ्यावर तिरुवल्लुवर आहेत, अव्वैयार आहेत, कंबन, भारतियार, कण्णगी आहेत. यांतले दहा पुतळे १९६८ च्या जानेवारीत दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने बसवले गेले. ही सगळी तमिळ साहित्यातली मोठी नावं, आणि त्या मानाला ती पात्रच आहेत. पण त्या सगळ्यांच्या आधी ज्यांना इथे जागा मिळाली त्या चौघांना नावच नाही. स्वातंत्र्याला बारा वर्षंही झाली नव्हती. त्या काळात एका राजधानीच्या समुद्रकिनाऱ्यावर पहिलं शिल्प कुणाचं लावायचं, याचं उत्तर 'ओझं ओढणाऱ्यांचं' असं दिलं गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि आपण ते न बघता पुढे जातो याचं वाईट वाटतं.

बघायचं कसं, तेही सांगते. पूर्व किनारा असल्याने सूर्य समुद्रातून उगवतो. सकाळी रस्त्याच्या बाजूने पाहिलंत तर चौघांची नुसती काळी आकृती दिसते. चेहरे नाहीत, स्नायू नाहीत, फक्त चार वाकलेली शरीरं आणि खडक यांची एक तिरकी रेषा. दुपार कलल्यावर उजेड पश्चिमेकडून येतो, तेव्हा पाठी, खांदे, पोटऱ्या दिसू लागतात. जमलं तर दोन्ही वेळा जा. एकदाच जमणार असेल तर मी संध्याकाळ सुचवेन, साधारण साडेचारच्या पुढे. आणि एकाच जागी उभं राहून फोटो काढू नका, बाजूला सरकत राहा. समोरून चार जणांचा घोळका वाटतो, बाजूने गेलात की प्रत्येक जण वेगळ्या कोनात वाकलाय हे कळतं.

कुणी पाहिलंय का? तुम्हाला काय वाटलं, ते ऐकायला आवडेल.

चौपाटीकर

पाहिलंय, पण खरं सांगू का, मला फार भिडलं नाही. पिळदार दंड, ताणलेल्या शिरा, एकजुटीने जोर लावणारे कामगार. रशियन मासिकांच्या मुखपृष्ठांवर हे लहानपणी खूप पाहिलं. त्या काळी तशी हवाच होती. एखाद्या कारखान्याच्या फाटकावर शोभेल असं शिल्प समुद्रावर आणून ठेवलंय असं वाटलं.

शाडूमाती

चौपाटीकर, तुमचा आक्षेप समजतो, पण रायचौधुरी वेगळ्या वाटेने आलेत. त्यांचा जन्म १८९९ चा, रंगपूरजवळच्या ताजहाटचा, आज ते बांगलादेशात आहे. चित्रकला ते अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. म्हणजे सुरुवात झाली ती बंगाल शैलीच्या हळुवार, धूसर रंगांच्या चित्रांत. पुढे शिल्पाकडे वळल्यावर त्यांच्यावर फ्रेंच शिल्पकार रोदँचा प्रभाव पडला. १९२९ मध्ये ते मद्रासच्या कलाशाळेचे प्रमुख झाले, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. जवळजवळ तीन दशकं तिथे होते. १९५४ मध्ये ललित कला अकादमी सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच.

रशियन धाटणीत आणि यात फरक कुठे, तर पृष्ठभागात. तिकडची शिल्पं गुळगुळीत असतात, कामगाराचा चेहरा वर उचललेला असतो, नजर क्षितिजावर, हातात हातोडा किंवा झेंडा. इथे झेंडा नाही, आवळलेली मूठ नाही, कुणी भविष्याकडे बघत नाहीये. सगळ्यांचं लक्ष खडकावर. पृष्ठभाग खडबडीत आहे, मातीवर अंगठा दाबून दाबून पुढे गेल्यासारखा. ऊन त्यावर पसरत नाही, तुटत तुटत पडतं, म्हणून स्नायू हलताहेत असा भास होतो. अडयारकाठ यांनी संध्याकाळचा उजेड सुचवलाय तो अगदी बरोबर आहे.

मी स्वतः मातीकाम करतो, म्हणून हे जरा सविस्तर. असं शिल्प दगडातून कोरत नाहीत. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर ओली माती चढवत जायचं. मातीचं काम पुरं झालं की त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यातून मेण, मेणावर पुन्हा आवरण, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. एवढ्या मोठ्या आकृती एका ओतात होत नाहीत, तुकड्यांनी ओतून जोडाव्या लागतात, आणि मग जोड दिसू नयेत म्हणून छिन्नी-कानशीने दिवसच्या दिवस काम चालतं. चौघं जण एकमेकांत गुंतलेले, मध्ये दांडे, मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागा राखणं हेच सगळ्यात अवघड. वजनाचा तोल जरा चुकला तर सांगाडा मातीसकट झुकतो. कॉलेजच्या रात्रीच्या पहारेकऱ्याला आणि एका विद्यार्थ्याला समोर उभं करून रायचौधुरींनी या आकृती घडवल्या असं तिथले जुने लोक सांगतात.

आणखी एक. रायचौधुरी स्वतः कुस्ती खेळलेले, ताकदवान गडी होते. शरीर जोर लावतं तेव्हा नेमकं कुठे काय घडतं हे त्यांना आखाड्यातून माहीत होतं.

चौपाटीकर

शाडूमाती, उत्तम माहिती. झेंडा आणि मुठीचा मुद्दा पटला. तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. समुद्रावर का? कामगारवस्तीत, गिरण्यांपाशी का नाही?

दुपारपाळी

याचं उत्तर इतिहासात आहे. १ मे १९२३ रोजी भारतातला पहिला कामगार दिन साजरा झाला तो मद्रासमध्ये, आणि तोही समुद्रकिनाऱ्यावर. सिंगारवेलर यांनी दोन ठिकाणी सभा घेतल्या. एक हायकोर्टासमोरच्या किनाऱ्यावर, दुसरी तिरुवल्लिकेणीच्या किनाऱ्यावर. हे शिल्प त्याच परिसरात आहे. त्याच दिवशी त्यांनी 'लेबर किसान पार्टी ऑफ हिंदुस्तान'ची स्थापना जाहीर केली. सिंगारवेलर मच्छीमार समाजातले, शिकून वकील झालेले. किनारा म्हणजे त्यांचं अंगण. मद्रासच्या सभा, चळवळी यांचा मोठा भाग याच वाळूवर झालाय, टिळकांच्या काळात आपल्या गिरगाव चौपाटीवर व्हायचा तसाच.

आपल्याकडचा दुवाही आहे. कम्युनिस्टांवरच्या १९२४ च्या कानपूर कट खटल्यात मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे आणि मद्रासचे सिंगारवेलर ही दोन्ही नावं आरोपींत होती. सिंगारवेलर आजारी असल्याने त्यांच्यावर प्रत्यक्ष खटला चालला नाही. डांगे तुरुंगात गेले.

गिरण्यांचं म्हणाल तर पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांची मद्रास लेबर युनियन १९१८ ची. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे बी. पी. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी, सोबत तिरु. वि. कल्याणसुंदर मुदलियार. देशातली पहिली संघटित कामगार युनियन म्हणून तिचं नाव घेतात.

रविवारची सुट्टी

दुपारपाळी, नारायण मेघाजी लोखंडे यांना विसरून कसं चालेल? मुंबईत गिरणी कामगारांना त्यांनी १८८० च्या दशकातच एकत्र आणलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. माझं हे टोपणनावही तिथूनच घेतलंय.

दुपारपाळी

विसरलो मुळीच नाही. लोखंडे आद्यच. इतिहासकार फरक करतात तो एवढाच की लोखंड्यांच्या संघटनेत नियमित सभासद, वर्गणी, निधी अशी रचना नव्हती. मद्रासमध्ये ती होती. हा मान कुणाकडून काढून घ्यायचा नाहीये. उलट मला वाटतं, १ मे हा दिवस आपल्यासाठी महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही. हुतात्मा चौकातल्या स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. त्या दिवशी चेन्नईत असलात तर 'उळैप्पाळर सिलै'पाशी जाऊन या. कामगार संघटनांची माणसं तिथे जमतात.

टेकू

मी वाचक आहे, क्वचित लिहितो. या विषयावर मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही वडार. आजोबा खाणीत दगड फोडायचे, वडिलांनीही तारुण्यात तेच केलं. घरात वडारी बोलायचो, ती तेलुगूच्या जवळची. दक्षिणेतून दगडामातीच्या कामासाठी फिरत फिरत आमचे पूर्वज महाराष्ट्रात आले. गाडीवडार, मातीवडार, पाथरवट असे आमच्यात भेद. तमिळनाडूत हाच समाज ओड्डर, बोयर अशा नावांनी आहे. चेन्नईला मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याने हे शिल्प दाखवलं. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

लोक स्नायू बघतात. मी दांडे आणि पाय बघत होतो. मोठा खडक हाताच्या ताकदीने हलत नाही. दांडा किंवा पहार खडकाच्या पोटाखाली घालायची, तिच्याखाली लहान दगडाचा टेकू द्यायचा, आणि टेकू जितका खडकाच्या जवळ तितकं काम हलकं. मग पहारेवर अंगाचं वजन टाकायचं. दंडाने ओढलं तर दंड भरून येतो आणि खडक आहे तिथेच. सगळा भार तळपायातून जमिनीत गेला पाहिजे. म्हणून आजोबा म्हणायचे, आधी पाय रोव, मग हात लाव. रायचौधुरींनी ते पाय बरोबर घडवलेत. टाच, घोटा, गुडघा कसा वळतो, ते ज्याने हे काम जवळून पाहिलंय त्यालाच जमेल.

दुसरी गोष्ट, चौघं एकाच वेळी जोर लावतात तेव्हाच उपयोग. त्यासाठी एक जण आरोळी देतो, बाकीचे ओढीच्या क्षणी साद देतात. ती साद चुकली, एकाने आधी सोडलं, तर पहार उसळून जबड्यावर बसते. आमच्याकडे अशी दात गेलेली माणसं होती. खडक बोटभर उचलला की लगेच त्याखाली उटी, म्हणजे अडण, सरकवायची, नाहीतर तो परत बसतो आणि आधीची मेहनत वाया जाते. म्हणजे बोटभर, मग उटी, परत बोटभर, परत उटी. दिवसभरात चार हात सरकला तरी मुकादम खूश असायचा.

चौपाटीकर, तुम्ही म्हणालात फाटकावर शोभेल. मी म्हणेन, समुद्रावर आहे तेच बरं. कारखान्याच्या फाटकावर असता तर आमच्यासारखा कोण बघायला गेला असता? इथे फुगे विकणारासुद्धा त्याच्या सावलीत बसतो.

अडयारकाठ

टेकूदादा, तुमचं लिखाण परत परत वाचलं. आता पुढच्या वेळी मी पायांकडे बघणार. तुम्ही वेळ काढून हे लिहिलंत, मनापासून आभार.

चौपाटीकर

टेकू, तुमच्या लिखाणाने माझं बघणं बदललं. पुढच्या महिन्यात कामासाठी चेन्नईला जाणं आहेच. संध्याकाळी जाऊन येतो.

पाटीवाली

शिल्प चांगलं आहे, माहितीही चांगली चालली आहे. पण एक गोष्ट कुणीच म्हटली नाही. चौघंही पुरुष. चेन्नईत कुठल्याही इमारतीचं काम चालू असलेलं बघा, डोक्यावर विटा-वाळूची पाटी घेऊन शिडीने वर जाणाऱ्या बायका दिसतील. मरिनावरच, दीपगृहाकडच्या बाजूला मासे विकायला बसतात त्या बायकाच. श्रमाचं शिल्प करायचं आणि त्यात निम्मे श्रम करणाऱ्या दिसूच नयेत, हे मला बोचतं. १९५९ चा काळ होता हे उत्तर मला पुरत नाही. तेव्हाही बायका पाट्या उचलतच होत्या.

शाडूमाती

बोचणं रास्त आहे. पुरुष शरीराचे स्नायू दाखवणं ही त्या वेळच्या शिल्पकलेची एक मोठी ओढ होती, युरोपातून आलेली. रायचौधुरींनाही ती होती. श्रम म्हणजे दिसणारी ताकद, हे समीकरण त्यातून आलं. बाईचं काम तासन्‌तास चालतं, त्यात एका क्षणाचा असा स्फोट नसतो. ते ब्राँझमध्ये कसं दाखवायचं, हा प्रश्न आजच्या शिल्पकारांनी घ्यायला हवा.

आपल्याकडे विनायक पांडुरंग करमरकरांनी मच्छीमार मुली, कष्टकरी माणसं, म्हैस असे विषय अगदी जिव्हाळ्याने घडवले. अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं संग्रहालय आहे, अनेक कामं सिमेंट-काँक्रीटमधली आहेत. करमरकर १८९१ चे, रायचौधुरी १८९९ चे. करमरकरांचीही बरीच वर्षं कोलकात्यात गेली. एकदा सासवणं बघून मग मरिनाला जा, किंवा उलट. त्या पिढीने माणसाच्या अंगाकडे किती निरनिराळ्या नजरांनी पाहिलं ते कळेल.

पाटीवाली

सासवण्याला जाऊन आलेय. तिथल्या त्या कोळणींजवळ मला जे वाटलं तेच मरिनावर शोधत होते. असो. माझा मुद्दा शिल्प वाईट असा नाही. मुलांना घेऊन जाल तर त्यांना हा प्रश्नही विचारा, एवढंच म्हणणं.

अडयारकाठ

पाटीवालीताई, हे मी नक्की करेन. आणि मुलांना घेऊन तसंच पुढे दीपगृहाच्या बाजूला मासेबाजारात जाईन, म्हणजे उत्तर समोर दिसेल.

रेतीबांध

मी बंदर-बांधणीतला माणूस, तेव्हा पायाखालच्या वाळूबद्दल थोडं सांगतो. हे शिल्प जिथे आहे तिथून समुद्र आज लांब दिसतो, मधे पुष्कळ वाळू. दीडशे वर्षांपूर्वी असं नव्हतं, समुद्र बराच जवळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात मद्रासचं बंदर बांधलं गेलं. या किनाऱ्यावर लाटा वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेत असतात. बंदराच्या भिंती समुद्रात गेल्यावर ही वाळू दक्षिणेच्या बाजूला अडली आणि साठत गेली. तोच आजचा रुंद मरिना. १८८४ च्या सुमारास गव्हर्नर ग्रँट डफने किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता केला आणि 'मरिना' हे नावही त्यानेच दिलं.

याची दुसरी बाजूही आहे. बंदराच्या उत्तरेला, रायपुरमच्या बाजूला, वाळू पोचायची थांबली आणि समुद्र किनारा खात गेला. तिथे दगडांच्या भिंती टाकाव्या लागल्या. मरिना रुंद होत गेला तो उत्तरेकडच्या कोळीवाड्यांच्या जिवावर, असं म्हटलं तरी चालेल. बंदराच्या त्या भिंतींसाठी मोठाले दगड कुणी हलवले असतील, हे टेकूंचं वाचल्यावर डोक्यातून जात नाही.

खाऱ्या वाऱ्याबद्दलही सांगतो. ब्राँझ लोखंडासारखं गंजून पडत नाही, पण समुद्राजवळ हवेतला क्षार त्यावर बसतो, आणि वेळोवेळी धुणं, मेणाचा हात देणं झालं नाही तर फिकट हिरवी भुकटी धरते. मग तो भाग आतून पोखरायला लागतो. शिल्पांची देखभाल हे न दिसणारं काम आहे, आणि तेही हातांनीच करावं लागतं.

शाडूमाती

रेतीबांध, अगदी खरं. ती हिरवी भुकटी आणि ब्राँझवर वर्षांनुवर्षांत येणारी तपकिरी-हिरवट छटा या दोन वेगळ्या गोष्टी. छटा राखायची असते, भुकटी काढायची असते. 'चकाचक करून टाका' म्हणणारे बरेच भेटतात. घासून चकाकवलेला पुतळा म्हणजे शिल्पकाराचा पृष्ठभागच घालवणं.

कोरोमंडल

चेन्नईत वाढलेला मराठी, म्हणून भर घालतो. मरिनावरच्या नावाच्या पुतळ्यांनी बरंच पाहिलंय. कण्णगीचा पुतळा २००१ च्या डिसेंबरात हलवला गेला, त्यावर रान उठलं, आणि २००६ मध्ये तो परत मरिनावर आला. ज्याला नाव आहे तो पुतळा कुठल्या ना कुठल्या बाजूचा होतो. कामगारांच्या शिल्पाभोवती असं काही झालेलं मला आठवत नाही. सगळ्याच पक्षांची माणसं तिथे जातात. दोन्ही द्रविड पक्षांच्या नेत्यांच्या समाध्या इथून हाकेच्या अंतरावर. अण्णादुरै, एम. जी. आर., जयललिता, करुणानिधी, सगळे याच उत्तरेच्या बाजूला. तिथली गर्दी आणि इथली शांतता यांतला फरक पाहण्यासारखा.

रायचौधुरींचं दुसरं काम बघायचं असेल तर दक्षिणेकडे चालत जा. गांधीजींचा काठी घेऊन चाललेला पुतळा त्यांचाच, तोही १९५९ चा, अनावरण नेहरूंच्या हस्ते. मेट्रोच्या कामामुळे त्या भागात बदल होत राहिलेत, तेव्हा आधी चौकशी करा. पाटण्याला विधिमंडळासमोरचं हुतात्मा स्मारक, १९४२ मध्ये गोळीबारात पडलेले सात विद्यार्थी, तेही त्यांचंच. दिल्लीतली ग्यारह मूर्ती म्हणजे दांडीयात्रेचं शिल्प, तेही. आणि या चौघा कामगारांची आणखी एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हिरवळीवर आहे. पाटणं, दिल्ली, मरिना, तिन्हीकडे माणसं एका दिशेने झुकलेली, एकमेकांच्या मागे. एकटा उभा असलेला माणूस त्यांना फारसा रुचला नसावा. गांधी एकटे आहेत, पण तेही चालताहेत.

याउलट मरिनाच्या उत्तरेला आयलंड ग्राउंडजवळ सर थॉमस मन्रोचा घोड्यावरचा पुतळा आहे, चँट्री नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८३९ चा. रिकिबी नाहीत म्हणून प्रसिद्ध. कारागिरी सुंदर, पण तो उंचावरून रस्त्याकडे पाहत राहतो. दोन्ही एकाच दिवशी बघा.

पूर्वाकाश

एक व्यावहारिक प्रश्न. आईला घेऊन जायचंय, वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात. वाळूत चालणं जमणार नाही. शिल्प बघता येईल का? आणि कोणत्या महिन्यात जावं? आईला देवळंही बघायची आहेत.

कोरोमंडल

नक्की येईल. शिल्प वाळूत नाही, रस्त्याकडेच्या फूटपाथला लागून आहे, वाळूवर उतरायची गरजच नाही. लोकलने यायचं तर बीच ते वेलाचेरी मार्गावरचं चेपॉक स्टेशन जवळ पडतं, पण तिथले जिने चढ-उताराचे आहेत. आईंसाठी रिक्षा किंवा टॅक्सीच बरी. 'उळैप्पाळर सिलै, मरिना' एवढं सांगा.

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आपल्यासारखा जूनमध्ये नाही. एप्रिल-मेमध्ये आईंना उन्हाचा फार त्रास होईल. दुपारी बारा ते तीन कुठल्याच महिन्यात नको.

देवळांचं म्हणाल तर तिरुवल्लिकेणीचं पार्थसारथी मंदिर मरिनाला लागूनच आहे. मैलापूरचं कपालीश्वर थोडं दक्षिणेला. जॉर्जटाउनमध्ये कालिकांबाळ मंदिर आहे, शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेत तिथे दर्शनाला आले होते अशी पाटी मंदिरात लावलेली आहे. मराठी माणसाला तिथे गेल्यावर बरं वाटतं.

अडयारकाठ

पूर्वाकाश, थोडी भर. संध्याकाळी साडेचारला पोचा, आधी शिल्प, मग पार्थसारथी मंदिर. संध्याकाळच्या दर्शनाची वेळ जुळते. समुद्रात पाय भिजवायचा आईंचा आग्रह असेल तर काठावरच, आत जाऊ देऊ नका. मरिनाचा समुद्र दिसतो तसा नाही, पाण्याला आत ओढ आहे, दरवर्षी लोक बुडतात. लहान मुलं सोबत असतील तर हे आधीच ठरवून ठेवा.

खायला सुंडल घ्या. उकडलेले पांढरे वाटाणे, वर खोबरं आणि कैरीचे तुकडे, तिखट बेताचं असतं. मिरचीची भजी टाळा, ती खरोखर तिखट असतात.

शाडूमाती

आणि ज्यांना शिल्पकलेतच रस आहे त्यांनी आणखी अर्धा दिवस ठेवा. एगमोरच्या सरकारी संग्रहालयात चोळकालीन ब्राँझ आहेत, नटराज आहेत. मेणाच्या साच्यातून ब्राँझ ओतायची कला या भूमीत हजार वर्षांची, ती तिथे दिसते. तिथून ईस्ट कोस्ट रोडने (ईसीआर) दक्षिणेला इंजंबाक्कमला चोळमंडल कलाग्राम आहे. रायचौधुरींचे विद्यार्थी आणि पुढे त्याच कॉलेजचे प्रमुख झालेले के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ मध्ये ते उभं केलं. कलावंतांनी हस्तकलेच्या वस्तू विकून स्वतःच्या पैशांनी जमीन घेतली आणि तिथेच राहू लागले. गुरूपेक्षा अगदी निराळ्या वाटेने गेलेली ही मंडळी. उघड्यावर ठेवलेली शिल्पं आहेत, सावली भरपूर आहे, आईंनाही बसायला जागा मिळेल.

टेकू

पूर्वाकाश, आईंना एक विचारा माझ्या वतीने. त्यांच्या गावात विहीर खणताना किंवा घराचा पाया घालताना दगड कसे हलवायचे, ते त्यांना आठवतं का. त्या पिढीने बघितलेलं असतं. काय सांगतील ते इथे लिहा.

पूर्वाकाश

टेकूकाका, आत्ताच विचारलं. आमच्या गावच्या विहिरीचं काम आईच्या लहानपणी झालं. दगड वर काढायला लाकडी तिकाटणं उभं करून त्यावरून दोर सोडलेला असायचा, असं ती म्हणतेय, आणि दोर ओढणाऱ्यांत तिची आजीही असायची. पाटीवालीताईंनाही हे सांगा म्हणाली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याची तिकिटं बघतोय.